राखणदाराचा घास आणि बेकरीचा माल

शेतकऱ्याच्या वस्तीवर जी जनावरे नांदतात, त्यांपैकी बैल, गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्या खाद्यासंबंधी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. कडबा किती द्यावा, पेंड कोणती द्यावी, दुभत्या जनावरास मीठ किती लागते, याची माहिती सामान्य शेतकऱ्यासही आज असते. तथापि रात्रभर जागून पिकाची, गोठ्याची व मेंढवाड्याची राखण करणारा जो कुत्रा, त्याच्या खाण्याचा विचार क्वचितच केला जातो. घरात जे उरेल ते त्याचे आणि जे नासेल तेही त्याचेच, असा आपला जुना परिपाठ आहे. घरात उरण्यासारखे जोवर भाकरी व कालवण एवढेच होते, तोवर या परिपाठापासून होणारा अपाय मर्यादित होता. परंतु आता पाव, खारी, टोस्ट, नानकटाई, केक आणि क्रीमची बिस्किटे यांचा प्रसार खेडोपाडी झाला आहे. चहाच्या टपरीवर, शाळेच्या आवारात आणि मुलांच्या वाढदिवसास हा माल असतोच, व माणसाच्या हातातून तो साहजिकच कुत्र्याच्या तोंडीही जातो. तो त्यास मानवतो काय, या प्रश्नाचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे की, साध्या भाजलेल्या धान्यापासून कुत्र्यास भय नाही. भय आहे ते दोन गोष्टींपासून. एक, माणसाने स्वतःच्या जिभेसाठी त्या धान्यात मिसळलेले पदार्थ. आणि दुसरी, जे माणसाला खाण्याजोगे उरले नाही ते कुत्र्याला चालते, ही आपली समजूत. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक होय.

धान्य कुत्र्यास पचते काय?

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील असल्यामुळे धान्य त्याच्या प्रकृतीस मुळीच मानवत नाही, असे कित्येक लोक समजतात. हे मत आता टिकण्यासारखे नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा व लांडगा यांच्या जनुकांची तुलना करून आपले निष्कर्ष इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. पिष्टमय अन्न पचविणारे अमायलेज नावाचे पाचकद्रव्य स्वादुपिंडात तयार होते. ते तयार करविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच आढळल्या. कुत्र्यात मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळून आल्या. माणसाने शेती आरंभली, आणि त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या कुत्र्याने त्याच्या धान्यात वाटा घेतला. त्या दीर्घ सहवासाचा हा परिणाम होय. आपल्याकडील धनगरांची व शेतकऱ्यांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर पोसली गेली, यात काही अशास्त्रीय नव्हते.

परंतु भाकरी आणि बेकरीचा माल या दोहोंत मोठे अंतर आहे. ज्वारीची भाकरी म्हणजे पीठ, पाणी व विस्तव. बहुधा तीत मीठही नसते. तेल, तूप, साखर यांचे तर नाव नको. बेकरीच्या पदार्थात याच्या उलट मैदा, साखर, वनस्पती तूप, मीठ, यीस्ट किंवा सोडा, आणि वरून बेदाणे, कोको, सुका मेवा व कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये असतात. तेव्हा ‘कुत्रा भाकरी खातो, मग केक का खाऊ नये?’ असे विचारणे म्हणजे बैल कडबा खातो म्हणून त्यास भेळ का देऊ नये, असे विचारण्यासारखे आहे.

साधी बिस्किटे व पाव

सर्वच बेकरीचा माल विषारी आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. साधा, ताजा, कोरडा पाव किंवा एकदोन साधी बिस्किटे खाल्ल्याने निरोगी कुत्रा आजारी पडत नाही. तथापि ते त्याचे अन्न नव्हे. बाजारातील साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णता, सुमारे २५ ग्रॅम साखर आणि केवळ ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. प्रौढ कुत्र्याच्या पूर्ण आहारात कोरड्या वजनाच्या निदान १८ टक्के प्रथिने असावीत, असे मानले जाते. पंधरा किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाकाठी सुमारे ८५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १०० ग्रॅम बिस्किटांनी त्याची निम्म्याहून अधिक भूक भागते, परंतु शरीराच्या झिजेस लागणारी प्रथिने त्यास मिळत नाहीत. असा कुत्रा एक तर नुसता फुगतो, नाही तर रोडावतो. त्याचे केस झडतात, दात किडतात व अंगातील चपळाई जाते. वरखाऊ पदार्थ एकूण आहाराच्या एकदशांशाहून अधिक नसावेत, हा पशुवैद्यकातील सर्वमान्य नियम आहे. त्या हिशेबाने अशा कुत्र्यास दिवसाला वीस ग्रॅमहून अधिक बिस्किटे देऊ नयेत.

खारी, क्रीमरोल व मस्का लावलेला पाव यांत स्निग्धांश फार असतो. एकदम पुष्कळ स्निग्ध खाणे पोटात गेले तर कित्येक कुत्र्यांच्या स्वादुपिंडास सूज येते. कुत्रा वारंवार ओकतो, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो व पोटाला हात लावू देत नाही. हा आजार कधीकधी प्राणघातक ठरतो.

जे पदार्थ प्रत्यक्ष विषारी आहेत

आता ज्या पदार्थांपासून कुत्र्यास प्रत्यक्ष विषबाधा होते, त्यांची माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

पहिला पदार्थ बेदाणे व मनुका. माणसास पौष्टिक असणारे द्राक्ष, ओले असो की वाळलेले, कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकते. केक, बनपाव व काही बिस्किटे यांत बेदाणे असतात. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे या विषबाधेचे कारण असावे, असा निष्कर्ष इ. स. २०२१ पासून पुढे आला आहे. बेकरीकामात वापरले जाणारे ‘क्रीम ऑफ टार्टर’ आणि आपल्या नित्य परिचयाची चिंच यांतही हेच आम्ल भरपूर असते, आणि ती खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. काही कुत्री पुष्कळ बेदाणे खाऊनही तगतात, तर काही थोडक्यातच दगावतात. म्हणून निर्धोक असे प्रमाण मानू नये. बहुधा चोवीस तासांच्या आत ओकारी व सुस्ती येते आणि पुढील दोनतीन दिवसांत लघवी कमी होऊन बंद पडते. सांगली, सोलापूर व नाशिक जिल्ह्यांतील ज्या बागाईतदारांनी बेदाण्याच्या शेडवर राखणीस कुत्री ठेवली आहेत, त्यांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. खाली सांडलेला माल झाडून उचलणे आणि कुत्रा शेडच्या आत न बांधता बाहेर बांधणे, एवढे केले तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा पदार्थ कोको व चॉकलेट. त्यांतील थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते निम्मे होण्यासच सुमारे साडेसतरा तास लागतात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम पोटात गेल्यास ओकारी व अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० मिलिग्रॅमने हृदयाची गती बिघडते आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे झटके येतात. एक ग्रॅम कोकोच्या भुकटीत हे द्रव्य २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्यास पंधरा ग्रॅम भुकटीही बाधू शकते. दुधाच्या चॉकलेटात हे प्रमाण पुष्कळ कमी असते. पण लहान पिलास तेही पुरेसे होते.

तिसरा पदार्थ झायलिटॉल. मधुमेही लोकांसाठी बिनसाखरेचे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिस्किटांत, केकमध्ये व चघळण्याच्या गोळ्यांत ही कृत्रिम गोडी असते. माणसास ती अपाय करीत नाही. परंतु कुत्र्याच्या रक्तात तिच्यामुळे इन्सुलिन एकाएकी वाढते व रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. दर किलो वजनास ०.१ ग्रॅम एवढे प्रमाणही त्यास पुरते, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती असते. कुत्रा अर्ध्या-एक तासात झोकांड्या खाऊ लागतो.

चौथा पदार्थ यीस्ट घालून मळलेले कच्चे पीठ. पोटाच्या उबेत ते आंबतच राहते. त्यामुळे एकीकडे पोट फुगते आणि दुसरीकडे आंबण्यातून निघालेले मद्य रक्तात भिनते. पावाच्या भट्टीमागे घुटमळणारी कुत्री ताटातील पिठास तोंड लावतात, म्हणून ते झाकून ठेवावे.

पाचवा पदार्थ कांदा व लसूण. मसाला पाव व लसूण लावलेले पाव यांत तो असतो. भाजल्याने किंवा वाळविल्याने त्याचा दोष जात नाही. त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि दोनचार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडून लघवी गडद रंगाची होते.

बुरशीचा पाव व पिसाळल्याचा संशय

येथवर सांगितलेले पदार्थ मुद्दाम कोणी रोज कुत्र्यास देत नाही. बुरशी आलेला माल मात्र दिला जातो, व तोही निःशंकपणे. पावावर हिरवट थर दिसला की तो घरातील मुलाबाळांना देत नाहीत. तो अंगणात कुत्र्यापुढे टाकतात. टपरीवर न खपलेल्या पावाची पिशवी गावाबाहेर फेकली जाते आणि मोकाट कुत्री ती फाडून खातात. पिशवीचे प्लास्टिकही अन्नाबरोबर पोटात जाऊन आतडी तुंबतात, ते वेगळेच.

बुरशीपैकी पेनिसिलियम वर्गातील काही जाती पेनिट्रेम नावाचे विष तयार करतात. ते पोटात गेलेला कुत्रा थोड्याच तासांत थरथर कापू लागतो, लाळ गाळतो, अडखळत चालतो आणि त्यास झटके येतात. खेड्यात असा कुत्रा दिसला म्हणजे लोक काय म्हणतात, हे सांगावयास नकोच. ‘कुत्रा पिसाळला’ अशी हाकाटी होते आणि काठ्या घेऊन लोक धावतात. योग्य उपचाराने जो बरा झाला असता, ज्याने कित्येक वर्षे वस्ती राखली, असा कुत्रा आपल्याच हातून मारला जाण्याचा संभव येथे निर्माण होतो. आणि ज्या पावाने हे घडले, तो आपणच त्यास टाकलेला असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. पिसाळलेला कुत्रा व विषबाधा झालेला कुत्रा यांतील भेद सामान्य माणसाने दुरून ठरवू नये. अशा कुत्र्यास हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे, शक्य तर त्यास एका जागी कोंडावे व पशुवैद्यास बोलवावे. त्याने कोणास चावले असेल, ओरबाडले असेल किंवा जखमेवर त्याची लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. ‘पावाचीच बाधा असेल’ असे म्हणून लस टाळणे प्राणावर बेतणारे ठरेल.

बुरशीच्या विषासंबंधी आपल्या शेजारच्या प्रदेशातील एक घटना प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास ठाऊक असावी. इ. स. १९७४ च्या उत्तरार्धात गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत काविळीची भयंकर साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. तपासाअंती असे आढळले की, अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी आली होती, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार झाले होते, आणि तोच मका लोकांच्या खाण्यात होता. या साथीत माणसांबरोबर गावातील कुत्रीही आजारी पडली व मेली, कारण घरात जे शिजत वा भाजले जात होते, तेच त्यांच्याही वाट्यास येत होते. हे विष तव्यावर किंवा भट्टीत भाजल्याने नाहीसे होत नाही. तेव्हा भिजून काळवंडलेल्या धान्याची भाकरी ‘कुत्र्यापुरती’ म्हणून वेगळी भाजणे हेही योग्य नव्हे. माणसास जे घातक, ते कुत्र्यासही घातक, हा धडा त्या साथीने दिला आहे.

आक्षेपांचा विचार

या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ‘आमचा कुत्रा सर्व काही खातो, त्यास कधी काही झाले नाही.’ जोवर बाधा होत नाही तोवर असे म्हणता येते. वर सांगितलेल्या बेदाण्याच्या उदाहरणात दहा कुत्र्यांनी पचविलेली वस्तू अकराव्याच्या जिवावर उठते. शिवाय वस्तीवरचा कुत्रा मेला तर त्याचे कारण शोधण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून आपण त्यास पुरतो. ज्याची तपासणीच होत नाही, त्याविषयी ‘कधी काही झाले नाही’ असे म्हणणे व्यर्थ होय.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. ‘मोकाट उपाशी कुत्र्यास कोणी दयेने बिस्किटाचा पुडा दिला, तर त्यास दोष का द्यावा?’ त्या दयेस कोणीही दोष देणार नाही. उपाशी प्राण्यास दोन साधी बिस्किटे मिळाली तर ती काहीच न मिळण्यापेक्षा बरी. परंतु रोज त्याच पुड्यांचा रतीब घालणाऱ्याने तेवढ्याच पैशात भाकरी, भात किंवा उकडलेले अंडे देता येते, हे ध्यानात घ्यावे. आणि पुडा फोडून त्याचा कागद स्वतःच्या खिशात ठेवावा.

तिसरा आक्षेप गरिबीचा. ‘माणसास पुरत नाही तेथे कुत्र्यास वेगळे अन्न कोठून आणावे?’ वेगळे अन्न आणा, असे येथे सुचविलेलेच नाही. जे घरात ताजे शिजते त्यातीलच वाटा, तिखट-मीठ घालण्यापूर्वी बाजूस काढून द्यावा, एवढेच सांगणे आहे. ज्वारी-बाजरीत दहा-अकरा टक्के प्रथिने असतात. ती एकटी पुरत नाहीत. म्हणून भाकरी ताकात किंवा बिनमिठाच्या वरणात कुस्करावी. जेथे शक्य तेथे अंडे किंवा उकडलेल्या मासळीचा काटे काढलेला चुरा मिसळावा. खर्च थोडा व गुण मोठा, असा हा आहार आहे.

काय करावे

कुत्र्याने वर्ज्य पदार्थ खाल्ल्याचे कळताच काय खाल्ले, किती खाल्ले व केव्हा खाल्ले, हे नोंदवावे. वेष्टन सापडल्यास ते बरोबर घ्यावे व लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पहिल्या दोन तासांत उपचार झाल्यास विष पोटातून काढता येण्याची शक्यता बरीच असते. ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची जी रीत आहे, ती सोडून द्यावी. अधिक मीठ हेच कुत्र्यास विष ठरते. तेल, तूप किंवा दूध बळेच पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

ग्रामकार्यकर्त्यांस या कामी पुष्कळ करता येईल. शाळेत पाच मिनिटे बोलावे, कारण हातातील खाऊ कुत्र्यास देणारी बहुधा मुलेच असतात. बेकरीवाले व टपरीवाले यांस समजावून सांगावे की, बुरशीचा माल पिशवीतून मोकळा करून खड्ड्यात खोल पुरावा व त्यावर माती दाबावी. ग्रामपंचायतीने गावाबाहेरचा उघडा उकिरडा बंद करण्याचे मनावर घेतल्यास कुत्र्यांचेच नव्हे, तर गुरांचे व माणसांचेही आरोग्य सुधारेल. झायलिटॉल असलेल्या मालाच्या वेष्टनावर ‘कुत्र्यास देऊ नये’ अशी सूचना मराठीत ठळकपणे छापली जावी, असेही प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली घटकद्रव्यांची यादी शेतावरील माणसाने वाचावी, ही अपेक्षा रास्त नाही.

गड्यास आपण नासके धान्य मजुरी म्हणून देत नाही. दिले तर तो काम सोडून जाईल, आणि गावही आपणास नावे ठेवील. राखणीचा कुत्रा सोडून जात नाही आणि तक्रारही करीत नाही. म्हणून त्याच्या घासाची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते. आज संध्याकाळी त्याच्यापुढे जे ठेवाल, ते आपण स्वतः खाल्ले असते काय, आणि त्यात बेदाणा, कोको, कांदा वा बिनसाखरेची गोडी तर नाही ना, हे दोन प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याने ताटली ठेवण्यापूर्वी स्वतःस विचारावेत. दोहोंची उत्तरे समाधानकारक असतील, तरच ताटली खाली ठेवावी.